किनाऱ्यावरच्या गावातला मुक्काम फसला: चूक गावाची की आमच्या आखणीची?

प्रश्न

आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई, भाड्याने घेतलेल्या कॅराव्हॅनमधून बारा दिवसांच्या प्रवासाला निघालो असून त्यातले सहा दिवस संपले आहेत. आईने समुद्र फार वर्षांत पाहिलेला नव्हता, आणि तिच्या गुडघ्यांमुळे लांबचे चालणे होत नाही. त्यामुळे खिडकीतून समुद्र दिसेल, सकाळी दार उघडताच पुढे वाळू असेल आणि तिला खुर्ची टाकून निवांत बसता येईल, या एका कल्पनेभोवती आम्ही सगळा मार्ग आखला होता. पाचव्या आणि सहाव्या रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावरच्या एका मध्यम आकाराच्या गावात ठरवला होता. प्रत्यक्षात आम्ही तिथे एकच रात्र काढली आणि दुसऱ्या रात्रीचे भरलेले पैसे सोडून देऊन निघालो.

काय बिघडले ते नेमके सांगतो, कारण नुसते ‘जागा आवडली नाही’ म्हटल्याने कोणाला काही उत्तर देता येणार नाही. पाच तास गाडी चालवून आम्ही दुपारी चारच्या सुमारास पोहोचलो. समुद्रालगतच्या वाहनतळाच्या तोंडाशी लोखंडी आडवी कमान होती आणि तिच्याखालून जाण्याची मर्यादा २.१ मीटर होती. आमची गाडी ३ मीटर उंच आहे. अरुंद रस्त्यावर एवढी मोठी गाडी मागे घेऊन वळवताना जी तारांबळ उडाली, तिच्यातच निम्मा उत्साह संपला. आरक्षित केलेला तळ समुद्रापासून सुमारे दोन किलोमीटर आत, एका गोदामाच्या भिंतीमागे निघाला. जागा खडीची आणि एका बाजूला उतरती होती. वारा इतका होता की बाजूचे कापडी छत थोडे उघडताच फडफडू लागले आणि आम्ही ते गुंडाळून ठेवले.

पाचच्या सुमारास आईला हळूहळू चालवत, मध्ये तीनदा बसवत, किनाऱ्यापर्यंत नेले. तिथे वाळूच नव्हती. पाणी थेट काँक्रीटच्या भिंतीवर आपटत होते आणि मुलगी हातात बादली घेऊन तशीच उभी राहिली. कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. गावातली बहुतेक दुकाने बंद होती. रात्री गोदामाच्या वर मोठा वाटोळा चंद्र दिसला, एवढीच काय ती शोभा. मध्यरात्रीनंतर केव्हातरी फ्रिज बंद पडला आणि सकाळी दूध नासलेले निघाले; पांघरुणे चिकट, खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळणारे आणि बाहेर पाहावे तर दाट धुके. नऊ वाजता आम्ही सामान आवरून गाडी सुरू केली.

आता नवव्या आणि दहाव्या रात्रीसाठी किनाऱ्यावरचेच दुसरे गाव ठरवलेले आहे आणि ते रद्द करायचे असेल तर उद्यापर्यंत कळवावे लागेल. पत्नीचे मत डोंगराकडे वळावे असे आहे. आई काहीच बोलत नाही, आणि तेच मला अधिक लागते. किनाऱ्यावरचे गाव मुक्कामासाठी निवडताना आधी नेमके काय पाहावे, आणि जे घडले त्यातले किती टाळता येण्यासारखे होते, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

आपले वर्णन वाचताना एका गोष्टीपाशी मी थांबलो आणि ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो. आपण ज्या सकाळी नऊ वाजता निघालात, त्या सकाळी साडेअकराच्या सुमारास तिथे बहुधा चांगली रुंद वाळू उघडी पडली असणार.

हे मी कशावरून म्हणतो, ते पाहा. संध्याकाळी पाचला पाणी भिंतीवर आपटत होते, म्हणजे भरती पूर्ण झालेली किंवा होत आलेली होती. बहुतेक किनाऱ्यांवर लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि ओहोटी त्याच्या साधारण मध्यावर येते. म्हणजे पहिली ओहोटी रात्री सव्वाअकराच्या आसपास, पुढची भरती पहाटे साडेपाचच्या सुमारास आणि दुसरी ओहोटी सकाळी साडेअकराला. आपण लिहिलेला तो वाटोळा चंद्रही पुरावाच आहे. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती येते. पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीला नेहमीपेक्षा दूर मागे जाते. त्यामुळे आपण त्या किनाऱ्याचा पंधरवड्यातला सर्वांत वाईट तास पाहिलात आणि कदाचित सर्वांत चांगल्या तासाच्या अडीच तास आधी तिथून निघालात.

जाहिरातींतली किनाऱ्याची छायाचित्रे ओहोटीच्या वेळी काढलेली असतात. त्यात लबाडी असते असे नाही. छायाचित्रकार वाळू असताना जातो, इतकेच. पण छायाचित्रावर वेळ लिहिलेली नसते. म्हणून किनाऱ्यावरचा मुक्काम ठरवताना मी भरती-ओहोटीचे कोष्टक नकाशाच्याही आधी उघडतो. बहुतेक बंदरांची कोष्टके आधीच प्रसिद्ध झालेली असतात, कारण चंद्रसूर्यांची गती अगोदर ठाऊक असते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका दिवसाची वेळ माहीत असली तरी पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बोटांवर बांधता येतो. मात्र एका गावची वेळ दुसऱ्या गावाला लावू नये. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यांनी सगळे बदलते: कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरच्या आसपास जातो, भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर तो अर्ध्या मीटरच्या आत राहतो, आणि मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत दिवसातून भरती येते तीच मुळी एकदा.

आता त्या भिंतीविषयी. गाव जुने आणि बंदराचे असेल तर त्याच्यासमोर चांगली पुळण असण्याची शक्यता आधीच कमी असते, आणि त्याला कारण आहे. लाटा किनाऱ्याशी तिरप्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने एका दिशेला सरकत राहते. बंदरासाठी समुद्रात बांध घातला की ही सरकणारी वाळू बांधाच्या एका बाजूला अडते आणि तिथे ढीग होतो. दुसऱ्या बाजूला नवी वाळू पोहोचत नाही आणि असलेली मात्र वाहून जात राहते. मग त्या बाजूची घरे वाचवण्यासाठी भिंत बांधावी लागते, आणि उभी भिंत लाटेला जिरू न देता परत फेकते, तेव्हा ती परतणारी लाट भिंतीच्या पायथ्याची उरलीसुरली वाळूही उचलून नेते. बंदराच्या आतल्या संथ पाण्यात गाळ बसतो, तिथे चिखल. म्हणजे जे गाव बोटींसाठी चांगले, ते बादली घेऊन आलेल्या मुलीसाठी बहुधा चांगले नसते. उपग्रहावरून काढलेल्या नकाशात बांधाच्या कोणत्या बाजूला वाळूचा फुगवटा आहे ते स्पष्ट दिसते. मी मुक्काम त्या बाजूला शोधतो, मग तो गावापासून तीन किलोमीटर दूर असला तरी चालतो.

वासाचे कारणही बहुधा भरतीच्या रेषेवर साचलेले समुद्री शेवाळ असावे. त्याचे ढीग हवा न लागता आतून कुजतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. दोन-चार दिवस वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहत असला की शेवाळ येऊन पडते आणि वारा फिरला की पुष्कळदा तेच पाणी ते परत नेते. तो गावाचा कायमचा गुण असेलच असे नाही. पण अशा ढिगांजवळ मुलीला खेळू देऊ नका, कारण तो वायू विषारी असतो.

नवव्या दिवसाच्या गावाचे कोष्टक पाहिल्याशिवाय रद्द करू नका, एवढे माझे म्हणणे.

दुसरा प्रतिसाद

भरतीचे वर उत्तम आले आहे, म्हणून मी गाडीपुरते लिहितो. आपल्या रात्रीच्या बहुतेक तक्रारी गावाच्या खात्यावर पडल्या असल्या तरी त्या गाडी उभी करण्याच्या पद्धतीच्या आहेत, आणि आपली गाडी भाड्याची असल्यामुळे तिचे स्वभाव आपल्याला माहीत नसणे अगदी स्वाभाविक आहे.

आधी फ्रिज. कॅराव्हॅनमध्ये पुष्कळदा गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असतो. त्यात घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो. एक बारीक ज्योत अमोनिया आणि पाण्याचे मिश्रण तापवते आणि द्रव पुढे आपल्याच वजनाने नळ्यांतून उतरत राहतो. यामुळे दोन अडचणी येतात. गाडी कललेली असली की द्रव जिथे उतरायला हवा तिथे न उतरता अडकतो आणि थंडावा कमी होत जातो. दुसरे म्हणजे ज्योतीसाठी गाडीच्या बाहेरच्या अंगाला जाळीची झडप असते, आणि जोराचा वारा सरळ त्या जाळीत शिरला तर ज्योत विझते. विझली की सुरक्षेसाठी गॅस आपोआप बंद होतो, हे चांगलेच आहे. पण जुन्या फ्रिजमध्ये ती पुन्हा हाताने पेटवावी लागते, आणि मध्यरात्री ते कोणाच्या लक्षात येणार? आपल्या जागेला उतार होता आणि वाराही होता, त्यामुळे दोन्हींपैकी कोणते कारण खरे हे मी इथून सांगू शकत नाही, परंतु उपाय दोन्हींवर करावा. चाकांखाली घालायच्या पाचरा गाडीबरोबर मिळाल्या असतील. त्या घालून गाडीच्या आतल्या जमिनीवर पाणसळ ठेवून गाडी आडवी-उभी सपाट करून घ्यावी, आणि फ्रिजची जाळी वाऱ्याच्या आडोशाला येईल असे पाहावे. तळावर विजेची जोडणी असेल तर फ्रिज विजेवर टाकावा, म्हणजे ज्योतीचा प्रश्नच उरत नाही.

वाऱ्याचेही वेळापत्रक असते, आणि किनाऱ्यावर ते भरतीइतके नसले तरी बऱ्यापैकी पाळले जाते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. हे शाळेत शिकलेले खारे वारे. ते दुपारी सर्वांत जोरात असतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतात. रात्री उलट दिशेने मतलई वारे वाहतात, पण ते सौम्य असतात. आपण चार वाजता, म्हणजे वाऱ्याच्या अगदी भरात पोहोचलात. आकाश निरभ्र असेल आणि मोठे वादळी हवामान नसेल तर संध्याकाळी सातनंतर छत उघडता आले असते, किंवा सकाळी तर नक्कीच. वारा वाहत असताना मात्र ते उघडू नये हा आपला निर्णय योग्यच होता. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्ट मोजणीत वारा ५ वर, म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटरवर पोहोचला की लहान झाडे डोलू लागतात, आणि मी तर त्याच्या बऱ्याच आधी छत गुंडाळतो. छताचे आधाराचे हात वाकले की सरळ होत नाहीत, आणि भाड्याच्या गाडीत ते फार महागात पडते.

रात्री उभे राहताना गाडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे. इंजिनाचा जड भाग पुढे असतो, त्यामुळे हेलकावे कमी बसतात. वारा कुशीवर घेतला तर रात्रभर गाडी पाळण्यासारखी हलते आणि कोणालाही झोप लागत नाही.

ओलसरपणाबद्दल एक हिशेब सांगतो, जो मला पहिल्यांदा कळला तेव्हा खोटा वाटला होता. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते, कारण गॅसमधल्या हायड्रोजनला हवेतला प्राणवायू मिळतो. म्हणजे बंद गाडीत स्वयंपाक केला की अन्न उकळण्यातून येणारी वाफ वेगळी आणि ज्योतीतून येणारी वेगळी. त्यात चार माणसांचे रात्रभराचे श्वास. धुके पाहून आपण खिडक्या घट्ट लावल्या असतील, तर ते पाणी गार काचेवरच बसणार. छताची झडप आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, बाहेर धुके असले तरी. स्वयंपाक करताना तर उघडी हवीच, आणि ती केवळ ओलाव्यासाठी नव्हे. विषारी कार्बन मोनॉक्साइड साठू नये यासाठीही. गाडीत खाली कायम उघडी असलेली हवेची भोके असतात, ती थंडी लागते म्हणून कापडाने बुजवण्याचा मोह कोणालाही होतो, पण ती कधीही बुजवू नका.

चिकट पांघरुणांचे कारण मीठ आहे. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नेहमीचे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळते, आणि समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेत ओढते. म्हणून खाऱ्या पाण्यात भिजलेला टॉवेल दोन दिवस दोरीवर ठेवला तरी कोरडा लागत नाही. किनाऱ्यावरून आल्यावर पाय आणि कपडे गोड्या पाण्याने धुऊनच आत यावे, आणि खारे कपडे पांघरुणांच्या जवळ ठेवू नयेत. पाणी कमी असेल तर निदान पाय.

तिसरा प्रतिसाद

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कटू वाटल्यास क्षमा असावी.

आपल्या प्रश्नात एक वाक्य आहे, की सगळा मार्ग एका कल्पनेभोवती आखला होता. मला वाटते, तो मुक्काम तिथेच फसला. कॅराव्हॅनच्या प्रवासात दोन प्रकारचे थांबे असतात. काही थांबे कामाचे असतात: पाणी भरणे, सांडपाणी आणि शौचालयाची टाकी ठरलेल्या ठिकाणी रिकामी करणे, कपडे धुणे, बॅटरी पुरती चढवणे, झोपणे. काही थांबे पाहण्याचे असतात. बंदराचे, गोदामांचे, खडीच्या तळाचे ते गाव पहिल्या प्रकारासाठी उत्तम होते. आपण त्याच्याकडून दुसऱ्या प्रकाराची अपेक्षा केलीत. तिथे राहणाऱ्या माणसांनी दुकाने हंगाम नसताना बंद ठेवली, कारण हंगाम नसताना तिथे गिऱ्हाईक नसते. गावाने आपला अपमान केलेला नाही.

आणि पाच तास गाडी चालवून पोहोचल्यावर कोणतीही जागा चांगली दिसत नाही. मी स्वतः एकदा अतिशय सुंदर खाडीच्या काठी पोहोचून केवळ थकव्यामुळे घरच्यांशी भांडलो आहे, आणि त्या खाडीचे नाव निघाले की आजही आमच्याकडे शांतता पसरते. समुद्रासाठी जायचे असेल त्या दिवशी मी दोन-अडीच तासांपेक्षा जास्त गाडी चालवत नाही. लांबचा पल्ला कामाच्या थांब्याच्या दिवशी घालतो.

तरीही रद्द करावे असे मी म्हणणार नाही. दोन रात्रींऐवजी एक ठेवा, आणि आईंना त्या दोन किलोमीटर चालण्याच्या कष्टांतून सोडवा. गाडी तळावर राहू द्या आणि आईंसाठी तिथले कोणतेही लहान वाहन घ्या. आपल्याकडे चाकांवरचे घर आहे म्हणून सगळीकडे घर घेऊनच जायला हवे असे नाही. उंचीच्या कमानी त्यासाठीच असतात, की आपण घर घेऊन येऊ नये.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या प्रतिसादाने थोडे खुपले, पण पत्नीने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि शेवटच्या वाक्यावर आई हसली, त्यामुळे तक्रार करण्याची सोय राहिलेली नाही.

साडेअकराची गोष्ट मी मुलीला अजून सांगितलेली नाही.

पाचरा मागच्या पेटीत होत्या. आम्हाला गाडी देताना त्या दाखवल्या होत्या हेही आता आठवते. फ्रिजची जाळी नेमकी वाऱ्याच्या तोंडी होती. कालच्या मुक्कामी पाणसळ नव्हती म्हणून पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून जमीन पाहिली आणि फ्रिज रात्रभर नीट चालला.

पुढच्या गावाचे कोष्टक असे आहे. नवव्या दिवशी भरती दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी, ओहोटी संध्याकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी. दहाव्या दिवशी ओहोटी सकाळी ६ वाजून ५५ मिनिटांनी, भरती दुपारी १ वाजून १५ मिनिटांनी. गावाला छोटा बंदराचा बांध आहे आणि नकाशात त्याच्या दक्षिणेला वाळूचा फुगवटा दिसतो, परंतु आमचा तळ उत्तरेला आहे. दोन्ही बाजूंना वाहनतळ आहेत. दक्षिणेच्या वाहनतळावर कमान आहे की नाही ते नकाशावरून समजत नाही. एकच रात्र ठेवायची तर नववी ठेवावी की दहावी?

पहिला प्रतिसाद देणारे पुन्हा

नववी ठेवा. नवव्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचून गाडी तळावर सपाट उभी करा, चहा घ्या आणि साडेचारनंतर दक्षिणेच्या पुळणीवर जा. तेव्हा पाणी पाऊण हिश्शाच्या आसपास उतरलेले असेल आणि पुढचे दोन तास उतरतच राहील, म्हणजे आईंची खुर्ची मागे सरकवण्याची वेळ येणार नाही. तोपर्यंत वाराही मंदावू लागलेला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते नऊ पुन्हा वाळू मिळेल. मात्र तेव्हा पाणी चढत असते, हे लक्षात ठेवा.

चढत्या पाण्याचा एक ढोबळ हिशेब आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे सुरुवातीला पाणी जागचे हलत नाही असे वाटते आणि मधल्या दोन तासांत निम्मा चढ येऊन जातो. त्या सकाळी पावणेनऊनंतर मुलीला खडकांच्या टोकाकडे किंवा बांधाच्या कडेने लांब जाऊ देऊ नका. परतीची वाट मागच्या बाजूने बंद होते.

आणखी एक. पौर्णिमेनंतर चार दिवस झालेले असतील, त्यामुळे आपण भांगाच्या भरतीकडे चालला आहात. अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एकमेकांशी काटकोनात ओढतात आणि भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. पाणी उधाणाइतके वर येणार नाही, पण तितके दूरही जाणार नाही. फार रुंद पुळणीची अपेक्षा ठेवू नका. कमानीचे मात्र तळावर फोन करून विचारा. तिथल्या माणसाला हा प्रश्न रोज विचारला जातो.

चौथा प्रतिसाद

एक लहानशी भर. भाड्याची गाडी परत करण्याआधी खालच्या बाजूला, चाकांच्या आतल्या कमानींना आणि पायरीच्या बिजागरांना गोड्या पाण्याने धुऊन घ्या, कारण मीठ ओलावा धरून ठेवते आणि लोखंडाचे गंजणे चालूच राहते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी स्क्रू असतील तिथे तर दोन धातूंमुळे स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियमही झिजते. साध्या नळीचे पाणी पुरे. जोराच्या फवाऱ्याने पाणी रबरी पट्ट्यांच्या आत शिरते. छतावर सौर पॅनेल असेल तर तेही ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्नकर्ता

हे दहाव्या दिवशी सकाळी अकराला, तळावरून लिहीत आहे.

दक्षिणेच्या वाहनतळावर कमान होतीच, १.९ मीटरची. आईला आम्ही रिक्षाने नेले. संध्याकाळी पाच ते सात पुळण होती, फार रुंद नव्हे, आणि तिच्या अर्ध्या भागावर वाळलेल्या शेवाळाची पट्टी होती, पण वास नव्हता. वारा सहानंतर पडला. ढगांमुळे सूर्यास्त काही दिसला नाही. आई खुर्ची टाकून बसली आणि बराच वेळ पाण्याकडे न पाहता मुलीने खणलेल्या खड्ड्याकडे पाहत होती, कारण त्यात खालून आपोआप पाणी येत होते आणि ते कुठून येते यावर दोघींचा वाद चालला होता.

सकाळी पुन्हा धुके होते. साडेसातला गेलो तेव्हा पन्नास पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते, लाटांचा आवाज तेवढा येत होता. पत्नी म्हणाली, हेच धुके त्या पहिल्या गावातही होते आणि तिथे आपण त्याला नावे ठेवली. पावणेनऊला मी सगळ्यांना मागे बोलावले, आणि सव्वानऊला मुलीचा खड्डा पाण्याखाली गेला.

गाव, खरे सांगायचे तर, पहिल्यापेक्षा फारसे वेगळे नाही. इथेही निम्मी दुकाने बंद आहेत. दुसरी रात्र आम्ही आधीच सोडून दिली होती, आणि आता आई विचारते आहे की ती परत मिळेल का; तळाचे व्यवस्थापक म्हणाले की बारानंतर सांगतो. तळावर पाण्याचा एकच नळ आहे आणि त्यावर गाड्या धुण्यास मनाई असल्याची पाटी आहे, तेव्हा खालचे मीठ पुढच्या मुक्कामापर्यंत तसेच राहील.